दोन तिरक्या रेघांपलीकडचं

बदलापूर (पूर्व),
शनिवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप मीनलआत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनाने मी पूर्ण आडवा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? राजसीने लिहून दिलेले व्यायाम करतेस, की कागद वाचून "छान लिहिलेत" म्हणून ठेवून देतेस? तुझी ही सूनबाई दिवसभर दवाखान्यात बदलापूरकरांचे गुडघे वाकवत असते, तेव्हा तिला थाप मारून उपयोग नाही. फोनवर माणूस "हॅलो" कसं म्हणतो त्यावरून ती गुडघा ओळखते. बाकी पेणला थंडी पडली का? इथे सकाळी इतकं धुकं असतं की आमच्या गॅलरीतून समोरचा डोंगर दहा वाजेपर्यंत गैरहजर असतो. मी त्याची वाट बघत उभा राहतो आणि ऑफिसला उशीर होतो. हे कारण साहेबांना सांगता येत नाही, म्हणून मी कंबर सांगतो.

गेल्या पत्रात तू विचारलं होतंस की मी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून नेमकं काय करतो, ते तुला शेजारणीला सांगता येईल अशा भाषेत लिहावं. गेल्या चार महिन्यांत माझ्या हातून जे घडलं, ते सांगितलं तर आपोआप त्याचं उत्तर मिळेल. फक्त शेजारणीला सगळं सांगू नकोस. काही गोष्टी माझी अब्रू घालवणाऱ्या आहेत.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामांची यादी. पाणी सोड, निळा घाल, ढवळ, थांब, झडप उघड. यंत्र ती वरून खाली वाचतं आणि लिहिलं असेल तेवढंच करतं, शब्दभर कमी नाही की जास्त नाही. (असा एक तरी विद्यार्थी तुला तीस वर्षांत मिळाला का?) पण त्या यादीत एक सोय असते. दोन तिरक्या रेघा मारल्या, की तिथून ओळ संपेपर्यंत जे काही लिहू ते यंत्र वाचत नाही. चुकून नव्हे, नियमानेच वाचत नाही. याला कमेंट म्हणतात. तिथे तू चिंचेच्या साराची कृती लिही नाहीतर कुणाला शिव्या घाल, यंत्राच्या अंगावरची माशीदेखील हलणार नाही. कमेंट माणसासाठी असते. उद्या जो कोणी हा प्रोग्राम उघडेल, त्याला कळावं की इथे असं का केलंय. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे आपणच असतो, कारण सहा महिन्यांपूर्वी आपण काय लिहिलं ते आपल्यालाच परक्याच्या अक्षरासारखं वाटतं. जास्त लिहायचं असेल तर आधी एक रेघ आणि चांदणी, शेवटी चांदणी आणि रेघ. मधला मजकूर कितीही लांब असो, यंत्र त्यावरून उडी मारून पुढे जातं. (शेवटची चांदणी घालायची राहिली तर पुढचा खराखुरा प्रोग्रामही त्याला दिसेनासा होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असा एका पापडवाल्याचा वजनकाटा झोपवला होता. सकाळी अकरापासून चारपर्यंत त्याचे पापड बिनवजनाचे गेले. त्या दिवसाविषयी मी घरी काही बोललो नव्हतो.)

शिवाय आणखी एक. एखादी खरी ओळ काही दिवस चालवायची नसते, पण पुसून टाकायचाही जीव होत नाही. तेव्हा तिच्यापुढे त्याच दोन रेघा मारून ठेवतात. ओळ जागेवर असते, पण यंत्राला दिसत नाही. रेघा काढल्या की उठून कामाला लागते. वीस-वीस वर्षं अशा झोपलेल्या ओळी मी पाहिल्या आहेत. चहाचा कप हातात घेऊन मी त्यांच्याकडे बघत बसतो. त्या जाग्या असताना काय करत असतील, कुणी त्यांना झोपवलं, तो परत उठवायला का आला नाही, असं काहीबाही मनात येतं. आमचे हरेश सेठ मागून येतात आणि म्हणतात, "पुष्कर, साईं, स्क्रीन देख रहा है के खिडकी?" मला खरोखर सांगता येत नाही.

हे हरेश सेठ म्हणजे आमचे मालक. उल्हासनगर कॅम्प पाचला जीन्सच्या चेन आणि बटणं विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पाच जण. आसपासच्या कारखान्यांचे जुने प्रोग्राम सांभाळणं, हा आमचा धंदा. नवं कुणी करायला देत नाही; जुनं कुणी हातात धरत नाही, ते आमच्याकडे येतं. असाच अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याचा प्रोग्राम दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आला. भिंतींना लावायचे रंग मोठमोठ्या टाक्यांत कसे घोटायचे, कशात काय किती घालायचं, किती वेळ ढवळायचं, हे तो यंत्राला सांगतो. लिहिणारे होते शिवराम म्हणून एक गृहस्थ. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचे. कारखान्यात टाकी ढवळायला लागले, पुढे स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकले, दोन हजार तीन साली हा अख्खा प्रोग्राम एकट्याने लिहिला, आणि तीन वर्षांपूर्वी साठीला निवृत्त झाले. मी त्यांना पाहिलं नव्हतं. पण आत्या, त्यांच्या कमेंट मी पाहिल्या.

त्या मराठीत होत्या, इंग्रजी अक्षरांत टंकलेल्या. पहिल्यांदा मला वाटलं कसली तरी सांकेतिक भाषा आहे. मग हळूच मोठ्याने वाचून बघितलं तर चक्क माणूस बोलत होता. एके ठिकाणी लिहिलं होतं, "ही ओळ मला स्वतःला समजलेली नाही, पण काढली की बिघडतं, तेव्हा असू द्या." दुसरीकडे, "हे तात्पुरतं आहे, सोमवारी नीट करतो." (ते तात्पुरतं त्यांची नोकरी संपली तरी तसंच चालू होतं.) "आज खिडकीतून मलंगगड दिसला. रंग क्रमांक एकशे बारा तसा व्हायला हवा होता. साहेब म्हणाले, डोंगराच्या रंगाची भिंत कोण लावतो." आणि मग दोन हजार सहापासून पुढे जरा वेगळंच काही. "आज डब्याला मीठ नव्हतं. तुला सांगितलं असतं तर हसली असतीस." "वाल पेरले. तुझ्या मापाने पेरले, तरी दाट झाले." ही 'तू' कोण, ते मला कळेना. मला वाटलं, काका यंत्राशी बोलतात. मीसुद्धा बोलतो.

मी रोज एक वाचायचो. जास्त नाही, एकच. आणि संध्याकाळी घरी आल्यावर राजसीला सांगायचो. ती भाजी चिरत असली तर सुरी खाली ठेवून ऐकायची. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. संध्याकाळी बोलण्यासारखं दोघांकडे फारसं उरलं नव्हतं, तिच्याकडे गुडघे आणि माझ्याकडे झोपलेल्या ओळी. पण त्या वर्षभरात शिवरामकाका आमच्या घरी रोज साताच्या सुमारास येत होते असं म्हणायला हरकत नाही. एकदा तर राजसीने आपणहून विचारलं, "त्यांचे वाल आले का?" मी पुढची दहा पानं शोधून पाहिली. आले होते.

आता माझं पाप सांगतो.

ऑगस्टात कारखान्यात मिलिंद नावाचे नवे अधिकारी आले. माणूस वाईट नाही, फक्त नवा आहे, आणि नव्या माणसाला सगळं जुनं अस्वच्छ दिसतं. त्यांनी प्रोग्राम उघडून पाहिला आणि हरेश सेठना फोन केला की हे काय आहे, यात डब्याला मीठ नाही असं लिहिलंय, उद्या कुणी बाहेरचा तपासायला आला तर आमची काय शोभा. सगळं मराठी काढा, प्रोग्राम स्वच्छ करा. सेठ मला म्हणाले, "कचरा निकाल दे बेटा, मशीन तो पढती नहीं." आणि मी, ज्याला आजवर वाचलेल्यांतली निम्मी वाक्यं पाठ होती, "हो" म्हणालो. का म्हणालो, ते मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. मला त्या वेळी एवढंच वाटलं की यंत्र खरंच वाचत नाही, मग काय फरक पडतो.

एका ओळीची युक्ती लिहिली, कळ दाबली. साडेतीन हजार कमेंट चहा निवायच्या आत गेल्या. तू विचारशील, जुनी प्रत ठेवली नव्हतीस का? ठेवली होती, आत्या. दोन ठिकाणी ठेवली होती. आणि सगळीकडे सारखं असावं म्हणून तुझ्या या शहाण्या भाच्याने दोन्ही ठिकाणी स्वच्छ प्रत चढवली. त्या संध्याकाळी घरी गेलो. राजसीने विचारलं, "आज काय म्हणाले काका?" मी म्हणालो, "आज काही नाही." ती भाजी चिरत राहिली.

यंत्राला काहीही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही रंग तसेच घोटले गेले. मिलिंदसाहेब खूश. आणि आता प्रोग्राम इतका मोकळा दिसायला लागला, की त्यात काय काय अनावश्यक आहे ते मला भराभर दिसू लागलं. एके ठिकाणी यंत्र चाळीस सेकंद नुसतं थांबत होतं. पांढरी भुकटी टाकीत पडली की ढवळणं बंद, चाळीस सेकंद शांतता, मग परत सुरू. कशासाठी? कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. (लिहिलेलं होतंच. मीच पुसलं होतं. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही. रोज एक वाचणाऱ्याच्या नशिबात ते पान अजून यायचं होतं.) मी ते चाळीस सेकंद काढून टाकले. दिवसाच्या टाक्या वाढल्या, मिलिंदसाहेबांनी आमच्या ऑफिसला मिठाई पाठवली, आणि सेठनी ती वाटताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी वेगाने केलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर वांगणीच्या एका नव्या वसाहतीतली इमारत रंगवून झाली. स्टेशनच्या पलीकडे, शेतांच्या कडेला चार मजली. रंग मागवला होता फिकट निळा. लावला तेव्हा फिकट निळाच होता. आठवडाभर ऊन खाल्ल्यावर त्यात पांढरे ठिपके उमटायला लागले, मग ते पसरले, एकमेकांना भेटले, आणि पंधरा दिवसांत अख्ख्या इमारतीवर ढग आले. हे मी सजवून लिहीत नाही, ढगच. वर विरळ, पिंजलेले. खाली दुसऱ्या मजल्यापाशी जाड, पोटाकडे जरा काळसर. सोसायटीच्या लोकांनी कारखान्याला फोन केला, कारखान्याने सेठना, आणि सेठनी मला गाडीत घालून वांगणीला नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आणि धुकं होतं. सेठनी गाडी थांबवली आणि विचारलं, "बिल्डिंग किधर है?" मलाही दिसत नव्हती. समोर हवेत चार रांगांत खिडक्या होत्या. एका खिडकीखाली दोरीवर कपडे वाळत होते, एक हिरवी साडी अधांतरी हलत होती. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक माणूस दात घासत उभा होता आणि त्याच्या मागे भिंत नव्हती, आभाळ होतं. आत्या, मला माझी नोकरी जाणार हे माहीत होतं. तरी मी काही वेळ सगळं विसरून बघत राहिलो. सेठही बघत राहिले. मग म्हणाले, "सुंदर है. लेकिन अपन मर गये."

खालच्या मजल्यावरच्या तुळशीबाई बाहेर आल्या. मूळच्या तिथल्याच, या वसाहतीची जमीन पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची. त्यांनी सांगितलं, कुरिअरवाला परवा दोनदा येऊन परत गेला, आणि पोरं शाळेतून आल्यावर भिंतीकडे बोट दाखवून ससा कुठे, हत्ती कुठे, अशी भांडतात. सोसायटीतले निम्मे लोक चिडलेले होते, निम्मे फोटो काढत होते. चिडलेले निम्मे जास्त मोठ्याने बोलत होते. कारखान्याने सेठना बजावलं, चार दिवसांत कारण शोधून द्या, नाहीतर तुमचं काम बंद.

ऑफिसला येऊन प्रोग्राम उघडला. स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की विचारायला कुणीच नव्हतं. दोन दिवस मी त्या ओळींकडे बघत होतो. कोणती मी बदलली ते माहीत होतं, पण चाळीस सेकंद शांत बसण्याने रंगाचं काय होतं ते समजेना. आणि परत घालायचं म्हटलं तर मिलिंदसाहेब विचारणार, का? तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, राजसीला सगळं सांगितलं. कमेंट पुसल्याचंसुद्धा. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला आता मला सांगावंसंच वाटत नाही." आणि मग, "जा, त्यांना भेटून ये. आधी हे कबूल कर, मग रंगाचं विचार."

स्कूटरवरून बारवीच्या रस्त्याला लागलो. बदलापूर मागे पडलं की दहा मिनिटांत इमारती संपतात आणि झाडी सुरू होते. धरणाचं पाणी झाडांमधून दिसतं, नाहीसं होतं, परत दिसतं. मी इतका सावकाश चालवत होतो की एक सायकलवाला पुढे गेला. त्यांच्या पाड्यावर भात कापून झालं होतं आणि खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल उगवले होते, दाट. ते बघून मला घर विचारावं लागलं नाही.

काका बांधावर बसले होते. बारीक अंगाचे, डोक्याला टॉवेल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी कुठून आलो ते सांगितलं, वांगणीचे ढग सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालीस सेकंद काढलं?"

मी म्हणालो, "हो."

"कोनी?"

"मी."

"का?"

"का ठेवलंय ते कळलं नाही."

"लिवलं व्हतं ना."

"लिहिलं होतं," मी म्हणालो. "मी ते पुसलं."

ते पाण्याकडे बघत राहिले. लांबवर एक बगळा उठला आणि दुसऱ्या काठाला जाऊन बसला.

"सगलं पुसलं?"

"सगळं."

"मंग च्या घेऊ," असं म्हणून ते उठले.

चहा त्यांनी स्वतः केला. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी पनवेलला दिली आहे. चहा पिताना रंगाचं सांगितलं, इतकं सोपं की मला लाज वाटली. पांढरी भुकटी पाण्यावर पडली की तिला आधी भिजू द्यायचं. लगेच ढवळलं तर तिच्या बारीक गुठळ्या होतात, वरून ओल्या, आतून कोरड्या. डोळ्याला दिसत नाहीत. भिंतीवर उन्हाने फुटतात. "पीठ मलताना नाय का थांबत," ते म्हणाले, "मानसाला पन येकदम ढवलू नये."

मग मी विचारलं, ती 'तू' कोण.

ते म्हणाले, बायको. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात तापाने गेली. त्याआधी रोज कामावरून आलं की दिवसभरात काय झालं ते तिला सांगायची सवय. ती गेल्यावर सांगायला कुणी नव्हतं आणि सवय तर गेली नाही. "म्हनून जिथं कोनी वाचनार नाय, तिथं लिवलं," ते म्हणाले. मशीन वाचत नाही हे तर पक्कं, आणि माणसं इंग्रजी अक्षरातलं मराठी बघून कंटाळतील असा त्यांचा अंदाज.

मी म्हणालो, "मी वाचायचो. रोज एक. बायकोला सांगायचो."

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी विचारलं, "कनची आवडली?"

मी डब्यातल्या मिठाची सांगितली. राजसीला वालाची आवडते, तेही सांगितलं. ते हसले, आवाज न करता, बराच वेळ. मग उठून भाताच्या कणगीमागून एक पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात तो जुना, कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद, घड्या घालून, सुतळीने बांधलेला. अख्खा प्रोग्राम, त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात छापलेला. ऑफिसात रद्दीत चालला होता, म्हणून घेऊन आले. तो उघडून कधी पाहिला नव्हता. मी दोरी सोडली तेव्हा कागद माझ्या मांडीवरून जमिनीवर, तिथून उंबऱ्यावरून अंगणात गेला.

सोमवारी काकांना स्कूटरवर मागे बसवून अंबरनाथला नेलं. हरेश सेठ आधीच तिथे येऊन बसले होते. मिलिंदसाहेबांपुढे मी प्रोग्राम उघडला, चाळीस सेकंद परत घातले, आणि त्यांच्या वर कागदावरची ओळ जशीच्या तशी टंकली: "इथे थांबा. पांढरा घाई सोसत नाही." साहेबांनी कागद हातात घेतला. उभ्याने एक घडी वाचली, दुसरी वाचली, मग खुर्ची ओढून बसले. हा माणूस साताऱ्याचा, अंबरनाथ पूर्वेला एकटा राहतो, डबा लावलेला. कुठल्या ओळीपाशी अडकले ते मी बघितलं नाही, पण डब्याच्या आसपासची असावी. थोड्या वेळाने म्हणाले, "हे सगळं परत घाला." सेठनी विचारलं, "और वो बाहर का आदमी आया तो?" साहेब म्हणाले, "वाचेल की."

वांगणीलाही निकाल लागला. कारखान्याने इमारत परत रंगवून द्यायची तयारी दाखवली, तेव्हा सोसायटीची सभा भरली. मी काकांना घेऊन मागे उभा होतो. बराच वेळ तावातावाने बोलणं झालं, मग तुळशीबाई उठल्या. म्हणाल्या, "या दहा बिल्डिंगा सगल्या सारख्या. माझी बहीन दोनदा परक्याच्या घरी जाऊन जेवली. आता ढग दिसले की तिला लांबूनच कलते, आपली बिल्डिंग हीच." मतं घेतली. पुढचा पावसाळा होईपर्यंत ढग ठेवायचे ठरलं. पावसाने काय होतं ते बघू, मग रंगवू. फक्त कुरिअरवाल्यासाठी दारावर इमारतीचं नाव लाल रंगात घालायचं. काका सभेनंतर भिंतीपाशी गेले, हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, चूक आहे, पण बरी झालीय. माझं चाळीस सेकंदांवाचूनचं लिखाण मी पुसलेलं नाही. दोन तिरक्या रेघांमागे झोपवून ठेवलंय, शेजारी तारीख आणि माझं नाव.

तेव्हापासून दर रविवारी काका आमच्याकडे येतात. ते कागदावरून वाचतात, मी टंकतो, राजसी ऐकते. आता मी ते देवनागरीतच घालतो. साडेतीन हजारांपैकी हजारेक झाल्या असतील. कधी एखाद्या ओळीवर त्यांचं बोट अडून राहतं, तेव्हा राजसी त्यांना उगीचच गुडघा दाखवायला सांगते. गुडघे उत्तम आहेत. रविवारी संध्याकाळी ते निघाले की घर जरा मोठं वाटतं.

तर मी हे काम करतो, असं शेजारणीला सांग. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप, पेणच्या सगळ्यांना नमस्कार, आणि व्यायाम कर.

तुझा,
पुष्कर

ता. क. सोबत त्या कमेंटची चाळीस पानं छापून पाठवत आहे. काकांचं ऱ्हस्व-दीर्घ अगदी भयंकर आहे आणि माझंही तू शिकवूनसुद्धा यथातथाच. कारखान्याच्या प्रोग्राममध्ये अशुद्ध मराठी राहणं बरं नाही, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं. लाल पेनाने तपासून ठेवशील का? घाई नाही.

ता. क. २. घाई थोडी आहे. पुढची पानं घेऊन काका येत्या गुरुवारी स्वतः पेणला येत आहेत. पोस्टाने एवढा जुना कागद पाठवायला त्यांचं मन धजत नाही. तूच त्यांना बोलावलं आहेस असं मी त्यांना सांगितलं आहे, तेव्हा दारात "मी कधी बोलावलं?" असं विचारू नकोस. वाल घेऊन येतील. सोलायला वेळ लागतो, म्हणून सकाळच्या गाडीने निघायला सांगितलं आहे.

ता. क. ३. पत्र राजसीने वाचलं. ती म्हणते, इतकी पानं कशाला खर्च केलीस, सरळ लिही: आत्या साठ, काका त्रेसष्ट, दोघंही रात्री साडेसातला एकेकटे जेवतात, एकदा एकमेकांशी बोलून बघा. मी तिला म्हटलं, वडीलधाऱ्या माणसाला पत्रातून असलं काही लिहिणं बरं दिसत नाही. म्हणून मी ते लिहिलेलं नाही.